शिबिरातला औषधांचा डबा: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्या ताई-दादांसाठी

‘औषधांचं तेवढं तुम्ही बघा’ असं म्हणून कुणी हातात प्लॅस्टिकचा डबा ठेवला, की नवा माणूस पहिल्यांदा बँडेज, कापूस आणि डेटॉल मोजायला लागतो. मोजा, हरकत नाही. पण खरचटलेल्या गुडघ्यांवरून शिबिरात फारसं काही अडत नाही. जीव टांगणीला लागतो तो मुलांनी घरून आणलेल्या औषधांनी: कुणाचा दम्याचा पंप, कुणाची फिटची गोळी, कुणाचं इन्सुलिन, कुणाचं अर्धं संपलेलं अँटिबायोटिक.

एप्रिल-मेमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात वाई, पाचगणी, महाबळेश्वर, कास, बामणोली या पट्ट्यात निवासी शिबिरं भरतात. सुट्टीत बंद असलेली शाळा, एखादं वसतिगृह, शेतावरचे तंबू, जिथे जागा मिळेल तिथे. घरी मुलाचं औषध आईच्या दिवसाला बांधलेलं असतं. दूध दिलं की ही गोळी, जेवण झालं की ती, झोपताना दोन फवारे. शिबिरात तो दिवसच मोडतो. पाचला उठायचं, नाश्ता उशिरा, जेवण गडावर, रात्री शेकोटीपाशी अकरा वाजेपर्यंत गाणी. औषध तेच, डोस तोच, तरी गडबड होते ती या बदलामुळे. म्हणून आपलं काम मुलाच्या घरचं वेळापत्रक शिबिराच्या वेळापत्रकात नीट बसवणं आणि जे दिलं ते लिहून ठेवणं. डॉक्टर आपण नाही, हे पहिल्या दिवसापासून स्वतःलाही सांगायचं आणि पालकांनाही.

पायरी १: शिबिराच्या दहा दिवस आधी, फॉर्म

‘मुलाला काही आजार आहे का?’ हा प्रश्न फॉर्मवर असतोच आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. दमा असलेल्या मुलाचे वडीलसुद्धा ‘नाही’ लिहितात, कारण सध्या त्याला दम लागलेला नसतो. प्रश्न बदला. रोज सकाळी आणि रात्री मूल काय काय घेतं? गेल्या वर्षभरात दवाखान्यात दाखल करावं लागलं का, कशासाठी? पंप वापरतो का? कधी फीट, आकडी, चक्कर आली आहे का? काय खाल्लं की अंगावर गांधी उठतात? गेल्या महिन्यात कुठलं औषध नवीन सुरू केलं किंवा बंद केलं? अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात.

वजन हवंच. मुलांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो आणि पुढे तापाच्या औषधाला तोच आकडा लागणार आहे. नियमित औषध असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत मागा. त्यावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर, हे असायला हवं. ‘अर्धी गोळी’ एवढंच लिहून आलं तर कितीच्या गोळीची अर्धी, ते फोन करून विचारा. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक तरी असा की जो भर दुपारी उचलला जाईल.

एक गोष्ट जपून हाताळा. फीटचा आजार काही घरांत लपवतात, विशेषतः मुलगी असेल तर. उद्या लग्न ठरताना कुणी बोलेल ही धास्ती. त्यामुळे फॉर्मवर खाली एक ओळ ठळक लिहा: ‘ही माहिती औषधं सांभाळणारी व्यक्ती आणि शिबिरप्रमुख यांच्याशिवाय कुणालाही दिली जाणार नाही.’ आणि तसं वागा. फॉर्मचे फोटो शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

पायरी २: पहिला दिवस, वेगळं टेबल

नावनोंदणीच्या रांगेत औषधं घेऊ नका. थोडं बाजूला एक टेबल मांडा, दोघं जण बसा, आणि ज्यांचं औषध आहे त्या पालकांना तिथे पाठवा. पालक समोर असतानाच पिशवी उघडायची.

‘काही नाही हो ताई, साधी ताकदीची गोळी आहे,’ असं म्हणत एखादी माऊली तीन गोळ्यांचा कापलेला तुकडा पुढे करते. मेडिकलवाला मागू तेवढ्याच गोळ्या कापून देतो आणि छापलेलं नाव नाहीतर एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते. अशी बिननावाची गोळी घ्यायची नाही. थोडं कडक वाटेल, पण ‘ताई, नाव दिसत नाही तोवर मला देता यायची नाही’ एवढं शांतपणे सांगितलं की पालक समोरच्या मेडिकलमधून अख्खी पट्टी आणतात. पेठेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ती मिळते. बामणोलीला पोहोचल्यावर मात्र मिळणार नाही, म्हणून हा आग्रह बस सुटायच्या आधीच धरायचा.

होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या हमखास येतात. सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येकीवर मुलाचं नाव आणि वेळ तिथल्या तिथे चिकटवा. आजीनं दिलेला काढा, चूर्ण, बाळहिरड्याची पूड हेही औषधच धरा आणि वहीत लिहा. चेष्टा करू नका. उलट विचारा की कशासाठी देता, कारण ‘कफाला’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न दम्याचा असतो.

टेबलावर आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. एक, आज सकाळचा डोस दिलाय का आणि किती वाजता? हे माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. दोन, गोळी मूल कसं घेतं? गिळतं, चावतं, की पाण्यात विरघळवून? घरी आई गोळी कुटून मधातून देत असेल तर आपणही तसंच करायचं, पण नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असलेली गोळी कुटायची नसते. ती हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते आणि कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. घरी तशी कुटत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा.

मग मोजणी. किती गोळ्या आल्या, बाटली किती भरलेली आहे, ते वहीत लिहून पालकांची सही घ्यायची. मुलांच्या सॅकमध्ये औषध राहू द्यायचं नाही. अपवाद दम्याच्या आराम देणाऱ्या पंपाचा. तो मुलाजवळच हवा, लहान असेल तर त्याच्या गटाच्या ताई-दादाजवळ. कुलूप लावलेल्या कपाटात ठेवलेला पंप दम लागल्यावर काय कामाचा?

पायरी ३: डबा, कुलूप, फ्रिज

प्रत्येक मुलाला झिपची एक पिशवी. त्यावर मोठ्या अक्षरात पूर्ण नाव, गट, वय, आणि जमलं तर फोटो. जाधव, पवार, शिंदे, मोरे ही आडनावं आपल्याकडे इतकी की एका शिबिरात दोन आर्यन पवार निघाले तर नवल नाही. वडिलांचं नाव आणि गाव लिहिलंत तर घोळ होणार नाही. सगळ्या पिशव्या एका कुलपाच्या पेटीत, आणि किल्ली एकाच माणसाकडे, दुसरी शिबिरप्रमुखांकडे. एकाग्रतेसाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी औषधं असतील तर मोजणी रोज करा.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत औषधांची पेटी ठेवू नका. बहुतेक पाकिटांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं. पेटी तुमच्याबरोबर सीटवर येऊ द्या.

फ्रिज बहुधा स्वयंपाकघरातच असतो आणि तिथे राज्य मावशींचं. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दह्याला जागा करायला इन्सुलिन मागे सरकतं, बर्फाच्या कप्प्याला टेकतं आणि गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली सावलीत, साधारण २५ ते ३० अंशांखाली, बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकते. नक्की किती ते पाकिटावर पाहा. वळवाचा पाऊस आला की वीज जाते. अशा वेळी फ्रिज उघडू नका. वीज यायचं चिन्ह नसेल तर वापरातलं इन्सुलिन कोरड्या डबीत घालून माठाच्या गारव्यात ठेवता येतं, डबीत पाणी जाणार नाही एवढं बघून.

पाणी घालून तयार केलेली अँटिबायोटिकची सिरप हाही फ्रिजचाच विषय. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची बाटली एकदा तयार केली की फ्रिजमध्ये आणि सात दिवसांच्या आत संपवायची. बाटलीवर तयार केल्याची तारीख नसेल तर पालकांना विचारून घाला.

पायरी ४: दोन वेळापत्रकं एका कागदावर

शिबिराचा सगळा कार्यक्रम एका मोठ्या कागदावर घ्या: उठणं, प्रार्थना, नाश्ता, खेळ, जेवण, विश्रांती, सहल, रात्रीचं जेवण, शेकोटी, दिवे बंद. आता प्रत्येक मुलाचं औषध त्यात टाकत चला. अडचणी कागदावरच दिसायला लागतात.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास तरी आधी लागते आणि तिच्यावर लगेच दूध नको. शिबिरात उठल्याबरोबर सगळ्यांना दुधाचे पेले वाटले जातात. मग त्या मुलीला उठल्या उठल्या गोळी आणि दूध नाश्त्याबरोबर, हे दूध वाटणाऱ्या दादाला आधी सांगावं लागतं. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. ती लिंबू-सरबताबरोबर दिलेली बरी.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचं गणित सगळ्यात नाजूक. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं आणि मग कळलं की आमटीला अजून फोडणी पडायची आहे, तर मुलाची साखर खाली यायला लागते. म्हणून नियम: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. घरी वीस मिनिटं आधी टोचायला सांगितलं असेल, तर शिबिरात किती आधी टोचायचं ते पालक आणि डॉक्टरांना विचारून ठरवा. ट्रेकच्या दिवशी इन्सुलिन कमी करायचं का आणि किती, हेही त्यांनीच लिहून द्यायचं. आपण अंदाजानं काही करायचं नाही.

आणखी एक औषध असं आहे की ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून झोपताना डेस्मोप्रेसिनची गोळी घेणारी मुलं असतात, दहा-बारा वर्षांचीही. ही गोळी घेतल्यावर रात्री पाणी फार प्यायचं नसतं, नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होऊन फीटसुद्धा येऊ शकते. इकडे शिबिरात दिवसभर ‘पाणी प्या, पाणी प्या’ आणि शेकोटीनंतर सरबत! त्या मुलाचं पाणी दुपारपर्यंत भरपूर आणि संध्याकाळनंतर मोजकं, असं बसवा. गोळी देताना रांगेत नाव पुकारू नका. ‘जरा ती चटई आणायला ये माझ्याबरोबर’ म्हणून बाजूला न्या, गोळी द्या, चटई घेऊन परत या.

एकाग्रतेची गोळी सकाळी असेल तर सकाळीच. विसरलात म्हणून दुपारी चारला दिली तर रात्री मूल टक्क जागं. फीटच्या गोळीचं मात्र याच्या उलट. ती चुकवायचीच नाही. उशीर झाला तर काय करायचं ते टेबलावरच पालकांकडून लिहून घेतलेलं असावं. कुठल्याही औषधात राहिलेला डोस भरून काढायला दोन डोस एकदम द्यायचे नाहीत.

पायरी ५: प्रत्यक्ष देताना

नर्सिंगमध्ये शिकवतात ते पाच ‘बरोबर’ पाठ करा: मूल बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, मार्ग बरोबर. मार्ग म्हणजे तोंडावाटे की कानात की डोळ्यात. कानाच्या थेंबांची आणि डोळ्याच्या थेंबांची बाटली अगदी सारखी असते.

मुलाला ‘तू आर्यन ना?’ विचारू नका. झोपेतलं मूल कशालाही ‘हो’ म्हणतं. ‘तुझं पूर्ण नाव सांग, कुठल्या गावचा?’ असं विचारा. पातळ औषध चमच्यानं मोजू नका, चमचे लहानमोठे असतात. बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. औषध देताना दोघं हजर: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं द्यायचं. गोळी गिळली का, तोंड उघडून दाखवायला सांगा. काही बहाद्दर ती गालात ठेवून बाहेर थुंकतात.

दिल्याबरोबर वहीत लिहा, नंतर नाही. तारीख, वेळ, औषध, मात्रा, दोघांच्या सह्या. मुलानं नाकारलं तर ‘नाकारलं’, उलटी झाली तर ‘किती मिनिटांनी उलटी’. उलटीनंतर पुन्हा द्यायचं का, ते पालक किंवा डॉक्टरांना विचारून ठरवा. खाडाखोड करायची असेल तर एक रेघ ओढून बाजूला सही. पांढरी शाई नको.

पायरी ६: ताप, पोटदुखी आणि न द्यायच्या गोष्टी

शिबिराच्या डब्यात आपली औषधं कमीत कमी ठेवा: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, एखादं अँटिसेप्टिक, कॅलामाइन, थर्मामीटर, सॅनिटरी पॅड. त्यातलं पॅरासिटामॉल कधी आणि किती द्यायचं याची लेखी संमती फॉर्मवरच घ्या, आणि शिबिराशी जोडलेल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे तक्ता करून घ्या.

तक्ता कशाला, असं वाटेल. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. २४ किलोच्या मुलाला म्हणजे २४० ते ३६० मिलिग्रॅम. आता बाजारात एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरला १००. तेच झाकण, तेच गुलाबी औषध, पण एकात निम्मं. बाटलीवरचा हा आकडा वाचल्याशिवाय टोपण भरायचं नाही. शिवाय सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. घरून आलेलं सर्दीचं औषध दिलं आणि वर तापाचं दिलं, तर तेच औषध दोनदा पोटात गेलं.

ताप आला म्हणून घरातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. निमेसुलाइड आपल्या देशात २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. ॲस्पिरिन तापात मुलांना नाहीच. आयब्युप्रोफेनही आपल्या मनानं नको. डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकल्याचं सिरप शिबिराच्या डब्यात ठेवायचंच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित सिरपनं लहान मुलं दगावली ती बातमी सगळ्यांनी वाचलेली आहे, आणि साध्या खोकल्याला गरम पाणी आणि गुळण्या पुरतात.

जुलाब-उलट्यांना ओआरएस. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, थोडं थोडं पाकीट फोडून पेल्यात नाही. तयार केलेलं चोवीस तासांनी ओतून द्या. खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, नाव कितीही मिळतंजुळतं असलं तरी.

आणि पोटदुखी. दुसऱ्या रात्री, दिवे बंद झाल्यावर, एकाचं पोट दुखायला लागतं आणि मग शेजारच्या तिघांचं. ताप नाही, उलटी नाही, पोट मऊ आहे, दिवसभर शी झाली आहे का विचारलं, झाली आहे. बहुधा घरची आठवण येते आहे. त्यावर गोळी नाही; शेजारी बसून गावाकडच्या म्हशीची चौकशी केली की अर्ध्या तासात झोप लागते. पण दुखणं उजवीकडे खाली सरकत गेलं, मूल वाकून चालायला लागलं, किंवा ताप-उलटी आली, तर पहाटेची वाट न बघता डॉक्टरकडे.

मुलींच्या गटात एखादीला पहिली पाळी शिबिरातच येते. त्या गटाच्या ताईकडे पॅड असावेत, डब्यापर्यंत येऊन मागायला लागू नयेत. पोटदुखीची गोळी घरून आलेली आणि लिहून आलेली असेल तरच.

पायरी ७: चार मुलं ज्यांच्यावर लक्ष हवं

दमा. सुट्टीत बंद असलेल्या शाळेच्या खोल्या उघडतात, गोदामातल्या गाद्या आणि सतरंज्या अंगणात झटकतात, आणि संध्याकाळी शेकोटीचा धूर. दम्याच्या मुलासाठी हे तिन्ही वाईट. गाद्या मुलं यायच्या आदल्या दिवशी झटका. शेकोटीला त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा. पंप दोन प्रकारचे असतात, आराम देणारा आणि रोज घ्यायचा. आराम देणारा सहसा साल्ब्युटामॉलचा, बहुतेकदा निळा. पण रंगावर विसंबू नका, नाव वाचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, हवाच. पंप हलवा, एक फवारा स्पेसरमध्ये, चार-पाच संथ श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारायचे नाहीत. स्टेरॉइडच्या रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. मूल वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फवारे देत देत गाडी काढा.

फीट. घड्याळ बघा. कुशीवर वळवा, चष्मा काढा, डोक्याखाली काहीतरी मऊ. दातांत चमचा नाही, तोंडात पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि कांदा-चप्पल हुंगवायची नाही. जमलेल्यांतलं कुणीतरी चप्पल काढतंच, त्याला १०८ ला फोन लावायच्या कामाला लावा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर तातडी. घरून फीट थांबवायचा मिडाझोलामचा नाकातला फवारा दिलेला असेल तर किती फवारे आणि कितव्या मिनिटाला, ते पिशवीवर मोठ्या अक्षरात हवं.

साखर कमी होणं. घाम, थरथर, चिडचिड, एकदम गप्प होणं. मोजून ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र हाताशी नसेल, तरी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकोज मुलाच्या खिशात आणि तुमच्याही खिशात.

ॲलर्जी. आपल्या जेवणात शेंगदाणा कुठे नाही? वांग्याच्या भाजीत कूट, खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, ताटात चटणी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ‘चटणी वाढू नका’ एवढं सांगून भागत नाही. मावशींबरोबर बसून आठवड्याचा बेत वाचा, त्याची भाजी कूट घालायच्या आधी वेगळ्या पातेल्यात काढून वेगळ्या पळीनं वाढा. अंगावर गांधी आणि खाज एवढंच असेल तर लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. त्या वेळी लागतं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते जवळच्या डॉक्टरकडे आहे का हे शिबिराआधीच विचारून ठेवलेलं असावं. स्वतः टोचायचं पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही.

पायरी ८: घाट, गड आणि सहलीचा दिवस

पसरणी घाट किंवा यवतेश्वरचा घाट चढायचा तर गाडी लागणाऱ्या मुलांची यादी करा. उलटीची गोळी प्रवास सुरू व्हायच्या आधी द्यायची असते. पहिल्या वळणावर देऊन उपयोग नाही. तिनं झोप येते, म्हणून त्या मुलाला उतरल्या उतरल्या गडाच्या पायऱ्या चढायला लावू नका. ही गोळीसुद्धा घरून लिहून आलेलीच.

सहलीला पेटी न्यायची नसते, त्या दिवसापुरत्या पिशव्या न्यायच्या. वहीचं त्या दिवसाचं पान फोटो काढून नाही, प्रत्यक्ष बरोबर. कासच्या पुढे बामणोली-तापोळ्याकडे मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून नंबर कागदावर लिहा: १०८, शिबिराचे डॉक्टर, त्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि साताऱ्यातलं क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. चुकीचं औषध पोटात गेल्याचा संशय असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आणि एक गाडी चालकासकट तळावर उभी हवी. सगळ्या गाड्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आणायला गेल्या, असं नको.

गडांवर कड्याला आग्यामोहोळ असतं. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, यांनी ते उठतं. एखाद-दुसरी माशी डसली तर काटा लगेच खरवडून काढा आणि तासभर लक्ष ठेवा. खूप माश्या डसल्या असतील तर मूल ठीक दिसत असलं तरी दवाखाना.

विंचू चावला तर जागेवर दुखतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण लाल विंचवाच्या दंशानं दुखणं फारसं नसतानाही दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू होऊ शकतं आणि हृदयावर ताण येतो. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि कितीतरी जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, फक्त मूल वेळेत पोहोचायला हवं. सापाचंही तेच. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो भाग फळीला धरून स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका, आणि प्रतिसर्प लस जिथे आहे तिथे न्या. ती कुठल्या केंद्रात आहे हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी फोन करून विचारा. बूट घालण्याआधी झटकायची सवय सगळ्या मुलांना लावा.

दवाखान्यात जाताना मुलाची पिशवी, त्याचा फॉर्म आणि वही बरोबर घ्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचं काय दिलं, कधी दिलं?’ पालकांना फोन शिबिरप्रमुख करतील, तुम्ही मुलाजवळ राहा.

पायरी ९: शेवटचा दिवस

निरोपाच्या गडबडीत औषधं मागे राहतात, आणि सगळ्यात आधी राहतं ते फ्रिजमधलं. सकाळीच सगळ्या पिशव्या पुन्हा मोजा, आलेल्या गोळ्यांतून दिलेल्या वजा करून उरलेल्या जुळतात का बघा. जुळल्या नाहीत तर पालक यायच्या आधी वही पुन्हा तपासा आणि जे सापडेल ते त्यांना सांगा. पिशवी मुलाच्या हातात द्यायची नाही, पालकांच्या हातात आणि सही घेऊन. आज सकाळचा डोस दिलाय की नाही तेही सांगा, नाहीतर घरी जाऊन आई पुन्हा देते. शिबिरात पंप जास्त लागला, रात्री दोनदा खोकून उठला, साखर एकदा खाली आली, असं जे काही झालं ते चार ओळींत लिहून द्या. त्यांच्या डॉक्टरांना ते उपयोगी पडतं.

कुणी न नेलेली औषधं ‘पुढच्या वर्षी होतील’ म्हणून डब्यात ठेवायची नाहीत. पालकांना फोन करा, आठवडाभर थांबा, मग ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. वही आणि फॉर्म शिबिरप्रमुखांच्या कुलपात. इतर ताई-दादांनी फोनमध्ये काढलेले चिठ्ठ्यांचे फोटो तुमच्यासमोरच पुसायला सांगा, आणि आपल्या फोनमधलेही पुसा.